नळीतला निखारा

दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातावर आपट्याची पानं ठेवतो आणि त्यांना सोनं म्हणतो. याच पानात तंबाखू गुंडाळून विडीही वळतात, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही येत नाही. विडीच्या धंद्यात मोठा मान टेंभुर्णीच्या पानाला, हे खरं; पण आपट्यानेही ते काम केलेलं आहे. मी राहतो त्या गावाचं नावही आपटाच. पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या बाजूचं गाव. बाहेरच्यांना ते ठाऊक असलंच तर स्टेशनमुळे. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट, ती धावती गाडी आणि तो पुढे केलेला हात, याच स्टेशनात चित्रित झाला. बँकेतली नोकरी संपल्यावर मी इथे येऊन राहिलो. वाचन, लेखन आणि जुने रेडिओ दुरुस्त करणं, एवढाच माझा व्याप.

धूर ओढणाऱ्यांची एक गंमत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांचा जीव धुरात जितका असतो तितकाच तो धुराच्या साधनात असतो. गावाकडे चिलीम ओढणारे म्हातारे आठवून पाहा. चिलीम तोंडाला लागायची ती घटकाभर. तिची उस्तवार मात्र दिवसभर. आतला खडा नीट बसला आहे की नाही ते पाहायचं, काजळी खरवडून काढायची, छापीचं फडकं धुऊन, पिळून पुन्हा गुंडाळायचं. चकमक, गारगोटी आणि कापूस यांचा बटवा पावसाळ्यात छातीशी धरून कोरडा ठेवायचा. गुडगुडीवाल्याचं पाणी बदलणं, नळी साफ करणं हा तर सोहळाच. पुढे पाइपवाले साहेब आले, त्यांच्या खिशात पाइप कोरायचं चिमुकलं हत्यार असे. लायटरवाल्यांची गारगोटी आणि वात बदलण्याची लगबग आमच्या बँकेत मी कित्येक वर्षं पाहिली. चहाच्या सुट्टीत सिगारेट एक आणि लायटरभोवती माणसं चार!

या साऱ्याचा इतिहासही आपल्या दारावरूनच गेला आहे. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. ती दख्खनमध्ये रुजली, आणि सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासमोर तंबाखू आणि ती ओढायची रत्नजडित नळी ठेवली. म्हणजे उत्तरेच्या दरबारात हे व्यसन गेलं ते दक्षिणेतून, आणि गेलं तेही एका देखण्या साधनाच्या रूपाने. त्याच अकबराच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं पुढे काय झालं, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

ही सगळी प्रस्तावना एवढ्याचसाठी की, गेल्या वर्षी माझ्या टेबलावर जी वस्तू आली ती मला परकी वाटली नाही. आणली शेजारच्या घरातल्या मुलाने. वय एकवीस, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोज गाडीने जा-ये. त्याचे वडील रसायनीकडे कारखान्यात पाळीवर जातात. मुलगा माझ्याकडे आला तो वेगळ्याच कामाने.

"काका, तुमच्याकडे मल्टीमीटर आहे ना? पाच मिनिटं हवा होता."

"आहे की. काय मोजायचंय?"

तो जरा घुटमळला. मग खिशातून एक तांब्याची नळी काढून त्याने टेबलावर ठेवली. वीतभराहून लहान, अंगठ्यापेक्षा थोडी जाड, लख्ख घासलेली. खाली बटण. वर एक छोटं भांडं आणि त्यात तारेची दोन वेटोळी. घरात सगळ्यांना तो टॉर्च वाटत होता, हे मला नंतर कळलं. त्यात घरच्यांचा दोष नाही. या प्रकारच्या नळ्या बनवणाऱ्या पहिल्या हौशी लोकांनी खरोखरच टॉर्चच्या नळ्या वापरल्या होत्या.

वाचकांपैकी पुष्कळांनी ई-सिगारेट हा शब्द ऐकला असेल. मुलं तिला व्हेप म्हणतात. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तिचा आजचा प्रकार बनवला. त्यात तंबाखू जळत नाही. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वास आणि बहुधा निकोटिन असं पातळ मिश्रण कापसात भिजवतात. कापसातून गेलेली तार बॅटरीवर तापते आणि मिश्रणाचे धुक्यासारखे सूक्ष्म थेंब होऊन ते छातीत जातात. बाजारातल्या बहुतेक उपकरणांत बॅटरी आणि तार यांच्या मध्ये एक छोटं सर्किट असतं. तार फारच आखूड झाली, बॅटरी उतरली, कुठे शॉर्ट झालं, तर ते वीज तोडतं.

माझ्या टेबलावरच्या नळीत असं काहीच नव्हतं. हिला मेकॅनिकल मॉड म्हणतात. एक सेल, एक बटण, एक नळी आणि एक तार. बटण दाबलं की सेलमधली सगळी ताकद सरळ तारेत. नळीचा धातू हाच विजेचा रस्ता. पितळेपेक्षा तांबं वीज चांगली वाहून नेतं म्हणून हौशी लोक पितळेवरून तांब्यावर जातात, बटणाच्या टोकाला चांदीचा मुलामा देतात, आट्यांमधला मळ टूथब्रशने काढतात. तारेचेही शौक आहेत. जाड तारेवर बारीक तार गुंडाळून जे वेटोळं करतात त्याला क्लॅप्टन म्हणतात, कारण ते गिटारच्या तारेसारखं दिसतं आणि एरिक क्लॅप्टन हा गिटारवादक! फिलिपिन्समधल्या कारागिरांच्या नळ्यांना एके काळी या वर्तुळात मोठं नाव होतं. मुलगा हे सगळं मला सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की, मला माझे व्हॉल्व्हचे रेडिओ आठवले.

मी मीटर काढला. त्याने तारेच्या दोन टोकांना सळ्या लावल्या. आकडा आला ०.४ ओहम.

"बरोबर," तो म्हणाला. "भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. भागिले ०.४. साडेदहा अँपिअर. चालेल."

"थांब," मी म्हटलं. "आता सळ्या एकमेकींना टेकव."

त्याने टेकवल्या. मधे काहीच नाही, तरी मीटरने ०.२ दाखवले. ते मीटरच्या स्वतःच्या वायरींचे होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजवायला वेगळं शास्त्र लागत नाही. दिवसाची जमा काढताना सकाळची शिल्लक वजा करायची असते. ०.४ मधून ०.२ गेले, तार उरली ०.२ ची. आणि ४.२ भागिले ०.२ म्हणजे एकवीस अँपिअर. त्याच्या हिशेबाच्या बरोबर दुप्पट.

एकवीस अँपिअर म्हणजे किती, हे घरगुती भाषेत सांगतो. भिंतीवरचा साधा लहान प्लग पाच-सहा अँपिअरचा असतो. गीझरसाठी आपण पंधरा-सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट बसवतो. व्होल्टेज कमी म्हणून इथे शॉक बसत नाही, पण धातू आणि सेल तापतात ते अँपिअरने. हिशेब कागदावरचा आहे. बटण दाबल्यावर व्होल्टेज थोडं पडतं आणि आकडा काहीसा खाली येतो. पण काहीसाच.

मग मी विचारलं, "सेल कुठला?"

सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला होता. त्याला १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. लॅपटॉपमध्ये असे सेल संथपणे वीज देण्यासाठी असतात. अशा सेलची सहन करायची मर्यादा साधारण पाच अँपिअरच्या आसपास. त्याच्याकडून हा मुलगा चौपट काम करून घेत होता आणि ती नळी दिवसातून पन्नास वेळा ओठांजवळ नेत होता. शिवाय सेलवरचं प्लास्टिकचं आवरण वरच्या कडेला फाटलं होतं. आवरणाखालचं सगळं अंग ऋण टोकाचं असतं. तिथे नळी टेकली आणि वरचं धन टोक भांड्याच्या खिळ्याला लागलं की बटण न दाबताच वीज वाहू लागते. त्याच्या नळीला वायू बाहेर पडायला भोकं होती, पण ती दोनच, आणि पॉलिशच्या राळेने बुजलेली.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना मी शेगडीची आठवण देईन. मातीच्या चकतीत बसवलेली स्प्रिंगची विजेची शेगडी. स्प्रिंग तुटली की आपण काय करायचो? तुटकी टोकं एकमेकांत अडकवून पीळ द्यायचो. शेगडी पुन्हा पेटायची, उलट पहिल्यापेक्षा जास्त लाल व्हायची, आणि आई म्हणायची, "बघ, आता कशी छान तापते!" स्प्रिंग आखूड झाली म्हणून वीज जास्त जात होती, आणि म्हणूनच ती आठवड्याभरात पुन्हा तुटायची. त्या शेगडीमागे निदान फ्यूज होता. तो उडायचा, घरात अंधार व्हायचा, वडील खुर्चीवर चढून तार बदलायचे. फ्यूज म्हणजे घराचा राखणदार. मेकॅनिकल नळीत राखणदार नाही.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. कॅशियर चोर आहे म्हणून नव्हे. माणूस थकतो, घाईत असतो, त्याचा बेरजेत हात चुकतो म्हणून. माझ्या साऱ्या नोकरीत एकट्याने ती तिजोरी मला कधी उघडता आली नाही आणि त्याचा अपमान मला कधी वाटला नाही. या नळीला किल्ली एकच आणि ती एकवीस वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याखाली. "यात सर्किटच नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही," असं तो अभिमानाने म्हणाला. वस्तू साधी म्हणजे निर्धोक, हा आपल्याकडचा जुना समज आहे. स्टोव्हही साधाच होता. त्याची पिन, त्याचा वॉशर, त्याची हवा सोडायचा स्क्रू हे ज्याला कळत होतं त्याच्या हाती तो शहाणा होता, आणि तरीही त्याच्या भडक्यांच्या बातम्या आपण आयुष्यभर वाचल्या.

या नळ्यांच्याही बातम्या आहेत. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अशा उपकरणाचा स्फोट होऊन त्याचा तुकडा ३८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यात घुसला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेतली रक्तवाहिनी तुकड्याने कापली गेली. दोघेही दगावले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना बातम्यांतून गोळा केल्या. त्या सर्व प्रकारच्या ई-सिगारेटच्या आहेत, फक्त मेकॅनिकलच्या नव्हेत. वापरताना झालेल्या घटना ६० आणि उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना झालेल्या ६१. खिशात नाणी असतात, किल्ल्या असतात. सुट्या सेलला तेवढं पुरतं. जगातल्या वापराच्या मानाने हे आकडे लहान आहेत, हे मान्य. पण आपल्या घरातला आकडा एकच असतो.

कायद्याचंही सांगायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्याला आपल्या देशात बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडला गेला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गंमत अशी की कायद्यात शब्द आहे इलेक्ट्रॉनिक, आणि या नळीचे भक्त सांगतात की हिच्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. कायदा लिहिणारे इतके भोळे नव्हते. नाव, आकार, रूप कोणतंही असो, असं त्यांनी व्याख्येतच घालून ठेवलं आहे.

ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. तिथे सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना सरकारच ई-सिगारेटकडे वळवतं, कारण जळत्या तंबाखूपेक्षा ती कमी घातक, असं तिथल्या आरोग्यखात्याचं मत आहे. पण त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली. पोरांच्या हातात त्या फार दिसू लागल्या होत्या. कुणाचं धोरण बरोबर, यावर तज्ज्ञ भांडतील. माझ्यासमोरचा मुलगा मात्र सिगारेट सोडण्यासाठी इकडे आला नव्हता. त्याने सिगारेट कधी ओढलीच नव्हती. तो आला होता आंब्याच्या वासाच्या धुरासाठी, मित्रासाठी, आणि मग या नळीसाठी.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. हा मुलगा आळशी नाही, वाया गेलेला नाही. रात्री दोन वाजेपर्यंत जागून तो तार मोजून वेटोळी घालतो, कापूस हलक्या हाताने भरतो, आटे पुसतो. आमच्या पिढीने हेच सायकलींचं, घड्याळांचं, स्कूटरच्या प्लगचं केलं. वस्तू जपणं हा आपल्या घरांतला मोठा गुण. पण सायकल जपली की ती तुम्हाला शाळेत नेते. ही नळी जपली की ती तुम्हाला पुन्हा नळीकडेच नेते. देखभालीतल्या प्रत्येक पायरीला शेवटी एक झुरका आहे: तार बदलली, बघू कशी लागते, कापूस बदलला, बघू वास येतो का. त्याला वाटत होतं आपण यंत्र सुधारतो आहोत. निकोटिन मात्र त्याच्या छंदाच्या वेळापत्रकात मुक्कामाला आलं होतं. दोन दिवस नळी बंद ठेवून पाहा, असं मी सांगितलं तेव्हा तो हसला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काका, सहा ताससुद्धा नाही जमलं."

तो सेल मी त्याला परत नेऊ दिला नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळा ठेवून, पनवेलला ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. असे सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. आणि मुलाला म्हटलं, "आईला तू सांग. मी चुगली करणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

त्याने आठ दिवस घेतले. मग एका संध्याकाळी त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, रागावून आली असेल.

"भाऊ," ती म्हणाली, "मला धुराचं वाईट वाटलंच. पण माझी चिंच संपत होती ना, त्याचं जास्त वाटलं."

"चिंच?"

"हा स्वयंपाकघरातून चिंच न्यायचा. तांबं घासायला हवी म्हणायचा. मला वाटलं, पोरगा देवाची भांडी घासतोय. चार बायकांना कौतुकाने सांगितलं मी!"

आम्ही दोघंही हसलो, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दार लावून तो आत अभ्यास करतो आहे, असं समजून रात्री चहाचा कप ती दाराबाहेर ठेवून जात असे. दारावर टकटक करायलाही तिला संकोच वाटे. वडिलांना सांगायचं कसं, हा तिचा पुढचा प्रश्न होता. ते स्वतः दिवसाला दोन बंडलं विडी ओढणारे. पोराला बोलायला कोणत्या तोंडाने बोलणार? मी म्हटलं, "वहिनी, दोघांना एकाच दिवशी बसवा. एकट्या पोराला नको."

आई-वडिलांसाठी मला एवढंच सांगावंसं वाटतं. मुलाच्या खणात धातूची नळी, बारीक तारेचं रीळ, कापूस, सुटे जाड सेल आणि फळांच्या वासाच्या बाटल्या एकत्र दिसल्या तर तो टॉर्च नव्हे. बाटल्या आधी उंचावर ठेवा. निकोटिनचं पाणी लहान मुलाच्या पोटात गेलं तर विष आहे. सेल फाटका, दबलेला असेल तर त्याला हात लावताना नाण्यांपासून, किल्ल्यांपासून दूर ठेवा. आणि मग ओरडण्याआधी एकदा विचारा, "हे चालतं कसं, मला दाखव." तो दाखवील. कारण दाखवायला त्याला आजवर घरात कुणी मिळालेलं नसतं. सोडायची तयारी झाली की मदतही आहे. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी दूरध्वनी सेवा फुकट आहे, आणि निकोटिनचे च्युइंगगम वगैरे उपाय डॉक्टरांना विचारून घेता येतात.

शेजारच्या घरात त्या दोघांनी मिळून सुरुवात केली. बापाची दोन बंडलं अर्ध्यावर आली आहेत, त्याच्या खाली अजून येत नाहीत. मुलाने मधे दोनदा मित्राची नळी ओढली आणि दोन्ही वेळा आपणहून येऊन सांगितलं. त्याची स्वतःची तांब्याची नळी रिकामी, सेलशिवाय, आईच्या कपाटात आहे. ती टाकून द्यायला तो तयार नाही आणि आईनेही आग्रह धरलेला नाही. परवा तिने सांगितलं, देव्हाऱ्यातला तांब्या त्यानेच घासून दिला. या वेळी चिंच मागून घेतली.